शोधणाऱ्याचा हेतू

लस घेतल्यावर घरी कोणी लागतं का. एवढीच ओळ पडद्यावर होती आणि ती वाचताना त्याला ती ऐकू आली. वाचणं वेगळं आणि ऐकू येणं वेगळं हे त्याला चांगलं ठाऊक होतं, कारण दिवसभर तो अशाच ओळी वाचायचा आणि त्यातली एकही कधी त्याच्या कानापर्यंत पोचत नसे. पोचू द्यायचीच नसते. लोक इंटरनेटवर जे काही शोधतात, ज्या शब्दांत शोधतात, त्या ओळी विचारणाऱ्याचं नावगाव पुसून त्याच्यासमोर येत. प्रत्येक ओळीखाली ‘शोधणाऱ्याचा हेतू’ असं शीर्षक आणि त्याखाली पाच चौकोन: माहिती हवी, जागा हवी, नोंदणी करायची आहे, तक्रार, इतर. ओळ वाचायची, चौकोन निवडायचा, पुढची ओळ. साथ आल्यापासून सगळ्या ओळी आजाराच्या झाल्या होत्या आणि लस आल्यापासून सगळ्या लशीच्या. लस जवळ कुठे मिळेल, जागा. नाव कुठे घालायचं, नोंदणी. लस घेऊन त्याच दिवशी केस कापले तर चालतात का, माहिती. लशीने अंगाला चमचे चिकटतात का, हीही माहितीच. असल्या ओळींवर सुरुवातीला तो पोट धरून हसायचा, मग तेही सरलं. त्याची वरिष्ठ बाई स्वभावाने वाईट नव्हती, पण टक्क्यांशिवाय तिचं तोंड उघडत नसे, म्हणून तिच्यामागे सगळे तिला टक्केबाई म्हणत. कुणाचं ‘इतर’चं प्रमाण वाढलं की टक्केबाईंचा निरोप आलाच. माणसाला काय हवंय ते कळत नाही असं तुम्ही फार वेळा म्हणताय, असा त्याचा अर्थ. तो फार वेळा म्हणत नसे. या कामात त्याचा हात बसला होता आणि त्याचं त्याला थोडंसं कौतुकही होतं.

एकाच माणसाने एका बैठकीत शोधलेल्या ओळी एकाखाली एक येत, म्हणजे हेतू ठरवायला सोपं जातं. इथे पहिल्या ओळीखाली आणखी चार होत्या. एकट्या बाईने लस घेतली तर चालते का. लस घेतल्यावर ताप किती वेळाने चढतो. ताप चढला आणि दार आतून बंद असेल तर काय करावे. आणि शेवटची, दाराला कडी न लावता झोपले तर चालेल का. पुढे काही नाही. त्याने ‘माहिती हवी’वर बाण नेला आणि तिथेच ठेवला. तो काम करायचा ते बायकोच्या आरशाच्या टेबलाशी, कारण घरातलं दुसरं टेबल जेवणाचं, आणि त्यावर बायको स्वतःचं सामान मांडून बसे. ती कवळ्या बनवायची. लोकांची तोंडं कित्येक महिने झाकलेली होती तरी तिचं काम थांबलं नव्हतं. तोंड झाकलं म्हणून चावायचं थोडंच थांबतं, असं ती म्हणे. दिवसभर स्वतःचा चेहरा बघत बसायला नको म्हणून त्याने आरशावर टॉवेल टाकला होता. आता त्या टॉवेलाकडे बघताना त्याला कडी दिसायला लागली. ती त्यानेच बसवली होती. वडील गेले त्या वर्षी, आई तिसऱ्या मजल्यावर एकटी राहणार म्हणून, चांगली बोटभर जाडीची लोखंडी कडी. बसवताना भोक जरा वर पडलं, त्यामुळे ती लावताना दार उचलून धरावं लागे आणि काढताना दोन्ही हात लागत. पुढच्या खेपेला नीट करून देतो असं तो म्हणाला होता, आणि पुढची खेप बरेचदा येऊन गेली होती. आईला दमा होता. ताप अंगात असताना ती पलंगावरून उठते, भिंतीला धरून दारापर्यंत येते आणि कडी काही निघत नाही, हे त्याला अगदी स्पष्ट दिसलं.

पण आईची लस तर झाली होती. निदान तिने तसं सांगितलं होतं. त्याने फोन केला तेव्हा ती म्हणाली होती, झाली रे लस, आणि लगेच विचारलं होतं की तुमच्याकडे पाणी नीट येतं का. त्याचा जीव भांड्यात पडला होता. बायकोला त्याने तिथूनच ओरडून सांगितलं, आईची झाली बरं का, आणि डोक्यातल्या काळज्यांपैकी एक काळजी कमी करून टाकली. आता टॉवेलाकडे बघत तो ते दोन शब्द पुन्हा पुन्हा ऐकू लागला, झाली रे, झाली रे, आणि जितक्या वेळा ऐकावं तितकी मनातली पाल जास्त चुकचुकू लागली. कारण ‘झालं’ हा आईचा विषय संपवायचा शब्द होता. दातांच्या डॉक्टरांकडे जाऊन आलीस का, झालं. चष्म्याचा नंबर तपासलास का, झालं. आणि सहा महिन्यांनी बघावं तर तोच चष्मा, तीच दोऱ्याने बांधलेली काडी. शिवाय फोनवर ती दोन वाक्यांपलीकडे टिकत नसे. तिची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली होती, कानाला यंत्र लावून लोकांचे फोन जोडून देण्यात, आणि कान असा विटला होता की घरी फोन वाजला तर ती हातातलं काम संपवूनच उठायची, तोवर तो बंद पडलेला असायचा. लहानपणी त्याला याची लाज वाटे. मित्रांच्या आया फोनवर तासन् तास बोलत आणि ज्या बाईचा धंदाच फोनचा ती फोनकडे असं बघायची की जणू ऑफिसमधलं कुणीतरी न विचारता घरी आलंय. स्वतःहून तर ती कधी कुणाला फोन लावत नसे. वडील वारले ती बातमीसुद्धा त्याला शेजाऱ्यांनी कळवली होती.

त्याने तिला फोन लावला. वाजत राहिला आणि थांबला. परत लावला. मग तो उठून बाहेरच्या खोलीत गेला आणि बायकोला सगळं सांगितलं, त्या पाच ओळी, कडी, झाली रे. खरं म्हणजे हे घरच्यांना सांगायला बंदी होती. ओळीमागचं माणूस शोधायचं नाही, ओळखीचं वाटलं तरी ओळखायचं नाही, असा कामाचा पहिलाच नियम होता आणि त्याखाली सगळ्यांच्या सह्या होत्या. बायकोने हातातला दातांचा साचा खाली ठेवला. ती त्याच्यासारखी घाबरणारी नव्हती. शहरात एकटी राहणारी बाई एकच आहे का, तिने विचारलं. एकट्या बायांची गणती करायला बसलो तर आपली इमारत पुरायची नाही. कड्या सगळ्यांच्या दारांना असतात. तो म्हणाला की पहिली ओळ त्याला आईच्या आवाजात ऐकू आली. लागतं का, असं विचारायची आईची एक तऱ्हा आहे, शेवटी आवाज वर न नेता, म्हणजे विचारलंय की नुसतं सांगितलंय ते कळू नये. यावर बायको हसली नाही. ती म्हणाली, “तू जाऊन ये. ओळी कुणाच्या का असेनात. किती दिवसांत गेला नाहीस तू तिकडे.” हे वाक्य त्याला लागलं, कारण त्यात प्रश्न नव्हता. त्याने टक्केबाईंना पोटात दुखतंय असं कळवलं, तोंडाला मास्क बांधला आणि निघाला.

बसमध्ये एकाआड एक आसनावर फुली मारलेली पट्टी चिकटवलेली होती. तरी तो पट्टी नसलेल्या आसनाच्याही कडेलाच बसला. पुढे एक माणूस फोनवर काहीतरी लिहीत होता, लिहून पुसत होता, पुन्हा लिहीत होता. एरवी त्याने त्या माणसाला मनातल्या मनात एका चौकोनात टाकलं असतं. ही त्याला लागलेली खोड होती. आज तो दिवस मोजत बसला आणि मोजता मोजता महिन्यांवर आला. साथीच्या सुरुवातीला तो आठवड्यातून दोनदा आईकडे जायचा. सामानाच्या पिशव्या दाराशी ठेवायच्या, घंटी वाजवायची, अर्धा जिना खाली उतरून थांबायचं. मग आई दार उघडायची आणि ती वर, तो खाली, असे उभ्याने बोलायचे. आईच्या वरच्या मजल्यावरचे गृहस्थ त्या आजारात गेले तेव्हा बायकोच म्हणाली होती की आपण बाहेरून जातो, आपल्यामुळे त्यांना काही व्हायला नको. ते खरंच होतं. तेव्हापासून सामान घरपोच जायला लागलं आणि तो फोनवर आला. आणि फोनवर आई बोलत नसल्यामुळे फोनवरून लिंकांवर आला. या कामात तो चोखंदळ होता. अफवांची पानं त्याला वासावरून कळत. आईला तो वेचून वेचून खात्रीची पानं पाठवायचा, वाफ घेण्याविषयी, श्वासाच्या व्यायामाविषयी, लशीविषयी. तिची काळजी घेण्यात आपण कुठे कमी पडलो नाही असं त्याला प्रामाणिकपणे वाटत होतं. पुढे रस्त्यांवर माणसं दिसायला लागली, दुकानं उघडली, बायकोच्या बहिणीकडे ते दोघे जेवायला जाऊन आले, आणि तरीही आईकडे जायची वेळ आली की आपल्यामुळे तिला काही व्हायला नको हे कारण तयारच असे. ते कारण किती सोयीचं होतं हे त्याला बसमध्ये पहिल्यांदा कळलं, आणि त्याला स्वतःची किळस आली. आई तिकडे आतून कडी लावून तापात पडली असेल आणि मी खात्रीची पानं पाठवत असेन तर मी कोण आहे, असं तो स्वतःला विचारत होता, आणि बस नेमकी प्रत्येक थांब्यावर थांबत होती.

तिसऱ्या मजल्यावर आईच्या दाराबाहेर, जिन्याच्या चौकात, एक घडीची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवली होती. ती आईची नव्हती. त्याने घंटी वाजवली आणि सवयीने अर्धा जिना उतरायला वळला, मग स्वतःलाच हटकून परत दाराशी येऊन उभा राहिला. आतून पावलं आली. कडी काढल्याचा आवाज आला, पण तो ओळखीचा आवाज नव्हता. दार उचलल्याची धडपड नाही, करकर नाही, एकदाच सर्र आणि दार उघडलं. आई उभी होती. बारीक झाली होती, पण होती नीट. चष्म्याला नवी काडी होती. तिने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, “काय झालं?” काही नाही, सहज आलो, तो म्हणाला. भर दुपारी कामाच्या दिवशी सहज, ती म्हणाली, आणि बाजूला झाली.

आत येऊन तो नेहमीच्या खुर्चीवर बसला आणि त्याला विषयाला हात घालता येईना. पाण्याचं विचारून झालं, औषधांचं विचारून झालं. कडी कुणी नीट केली, असं त्याने विचारलं. खालचे लिफ्टवाले, आई म्हणाली. तळमजल्यावर लिफ्ट दुरुस्त करणारा एक माणूस राहत असे, त्याला त्याने येताजाता पाहिलेलं होतं. ती बाहेरची खुर्चीही त्यांचीच, आई म्हणाली. लशीच्या दिवशी ते बसले होते बाहेर, रात्रीपर्यंत. दार उघडं ठेवलं होतं, मी आत पडले होते, ते तिथे काहीतरी खुटखुट करत बसले होते. ताप आला रात्री, फार नाही. म्हणजे लस झाली होती. ते दोन शब्द खरे होते. आनंद व्हायच्या ऐवजी त्याला राग आला, कुणाचा ते कळेना. मग तो बोलून गेला. त्याने नियम मोडून तिला सगळ्या ओळी म्हणून दाखवल्या आणि म्हणाला, “आई, हे तू लिहिलं होतंस ना? मला विचारायचं की. यंत्राला काय विचारायचं?”

त्या फोनमध्ये कुठे लिहायचं असतं ते मला येतं का, आईने विचारलं. तू दाखवलं होतंस एकदा, मी हो म्हटलं होतं. मग ती म्हणाली, “तुलाच तर विचारलं होतं.”

“कधी?”

“फोन केला होता की मी.”

आणि मग तो फोन त्याच्या कानात पुरताच्या पुरता आला. सकाळची वेळ. पडद्यावर ओळी. फोन खांदा आणि कान यांच्यामध्ये धरलेला, कारण उजवा हात माऊसवर होता आणि ओळींची मोजणी चालू होती. आईने स्वतः फोन केला होता, ज्या आईने उभ्या आयुष्यात कुणाला आपणहून फोन लावला नाही तिने, आणि म्हणाली होती, लस घेतल्यावर घरी कोणी लागतं का. शेवटी आवाज वर न नेता. आणि तो म्हणाला होता, थांब हां, चांगलं पान आहे, पाठवतो. तिने बरं म्हटलं होतं. त्याने पान पाठवलं होतं, अगदी खात्रीचं, आणि त्यात लिहिलं होतं की सोबत कुणी असणे आवश्यक नाही, असल्यास उत्तम. संबंध बोलण्यात त्याचा उजवा हात थांबला नव्हता. ते आठवलं आणि त्याला खुर्चीत बसवेना. पडद्यावरच्या त्या पाच ओळी दुसऱ्याच कुणा बाईच्या होत्या, तिला कडी लावायची की नाही ते अजून कुणी सांगितलं नव्हतं. आणि ही बाई, जिची त्याला ओळख पटली असं वाटलं होतं, तिला तर त्याने तेव्हाच चौकोनात टाकून पुढची ओळ घेतली होती.

“मला वाटलं, डॉक्टर काय सांगतात ते तुला हवंय,” तो म्हणाला.

“अरे, ते डॉक्टरीणबाईंनी लशीच्या केंद्रावर सांगितलंच की,” आई म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती आणि ती असती तर बरं झालं असतं. तिने विचारलं, “तुझी झाली का?” झाली, ऑफिसने दिली, तुझ्यानंतर थोड्या दिवसांनी. ताप आला होता? आला होता, दोन दिवस, चांगलाच. मग कोण होतं जवळ? ही होती, तो म्हणाला, रात्रभर बसली होती. आईने मान हलवली. ते बरं झालं, ती म्हणाली, आणि मग म्हणाली, “मला नाही कळवलंस.”

“उगाच काळजी केली असतीस.”

“केली असती. तेवढी तरी करू द्यायची होतीस.”

त्याने दुसरी लस कधी आहे ते विचारलं. परवा. मी येतो, तो म्हणाला, सकाळीच येतो, तुला घेऊन जातो, रात्री राहतो. आई उठली, त्याच्यासाठी ठेवलेला चहाचा कप तिने त्याच्याकडे सरकवला आणि म्हणाली की कशाला, तुझं काम असतं, लिफ्टवाल्यांना सांगून झालंय. मग मी पण बसतो त्यांच्याबरोबर, तो म्हणाला. दोघं दोघं बसून काय करणार, आई म्हणाली, जिना अडेल, आणि ताप यायचा तो मला एकटीलाच येणार. ती हसली. तोही हसला, आणि हसताना त्याला वाटलं की या घरातली आपली जागा दुसऱ्या कुणाला मिळाली आहे, रीतसर, नंबर लागून मिळाली आहे, आणि ती परत मागायला आपल्याकडे काही कारण नाही. त्याने चहा संपवला. निघताना आई दाराशी आली आणि म्हणाली, मास्क नाकावर घे.

तळमजल्यावर लिफ्टवाल्याचं दार उघडंच होतं. जमिनीवर वर्तमानपत्र पसरून त्यावर त्याने लिफ्टच्या बटणांची एक पट्टी उघडून ठेवली होती आणि डोळ्यांजवळ नेऊन एकेक बटण बघत होता. साठीकडे झुकलेला, जाड भिंगांचा माणूस. त्याने वर बघून विचारलं, “काय हवं होतं?” तिसऱ्या मजल्यावरच्यांचा मी मुलगा, तो म्हणाला. कडीचे आभार मानले, बसलात त्याचे मानले, आणि मग मान खाली घालून म्हणाला की परवा तुमच्याऐवजी मी बसलो तर चालेल का. आई म्हणते, तुम्हाला सांगून झालंय.

लिफ्टवाल्याने हात फडक्याला पुसले. “मला सांगितलंय ते असं नाही सांगितलेलं,” तो म्हणाला. “काकू मागच्या वेळी म्हणाल्या, मुलगा यायचाय, तो येईपर्यंत जरा बाहेर बसता का. म्हणून खुर्ची बाहेर टाकली. आत कशाला बसायचं, तुम्ही येणारच होतात.” मग त्याला वाटलं असावं की हे जरा लागेलसं बोललं गेलं, म्हणून तो समजुतीने म्हणाला की दिवे लागले तेव्हा त्याच म्हणाल्या, कामात असेल, तुम्ही जा आता. पण मला तरी कुठे जायचं होतं. बसलो.

“आणि परवाचं काय म्हणाल्या?” त्याने विचारलं.

“तेच.”

वर तिसऱ्या मजल्यावर दार बंद झाल्याचा आवाज आला. म्हणजे आई एवढा वेळ जिन्याशी उभी होती. परवा मी येतोय, तो म्हणाला, आणि आपण हे या अनोळखी माणसाला सांगतोय की वर ऐकू जावं म्हणून मोठ्याने म्हणतोय ते त्याला कळलं नाही. लिफ्टवाल्याने भिंगांतून त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर ना विश्वास होता ना अविश्वास.

“या की,” तो म्हणाला. “तुम्ही येईपर्यंत मी बसतो.”